झिजलेली ॲलन-की

दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात रिमोट-गाड्यांच्या क्लबात ज्याला सगळे मिशी म्हणत, तो खालून वाकून आत घुसला. अंगावर अग्निशमन दलाचा गणवेश, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि एरवी पीळ देऊन मिरवायची ती मिशी घामानं ओठांवर चिकटलेली.

"बाई, रिमोटची गाडी हवी. चालू. आत्ताच्या आत्ता."

दुकान चालवणाऱ्या थोरलीला आधी वाटलं, हा थट्टा करतोय. दर रविवारी रेसच्या मैदानावर 'माझी गाडी आधी बघा' म्हणून भुणभुण लावणारा माणूस हा. पण आज तो दम खायलाही थांबला नाही.

"दोन गल्ल्या पलीकडे जुन्या नाल्याचं काम चाललंय," तो म्हणाला. "चेंबरमध्ये एक गवंडी उतरला आणि वरचा भराव ढासळला. माणूस जिवंत आहे, आतून पाइपावर ठोके देतोय. पण वरून हवा जायला बोटभरसुद्धा फट नाही. हातानं खणायचं तर चार तास. मशीन लावलं तर उरलेलं सगळं त्याच्या डोक्यावर."

"मग गाडी कशाला?"

"पलीकडच्या चेंबरमधून त्याच्यापर्यंत पाइप जातो. सव्वा फूट रुंद, कोरडा, चाळीस मीटर. एवढ्या लांबून हवा आपोआप पुरेशी पोचत नाही. सळ्या ढकलून पाहिल्या. बावीस मीटरवर वळण आहे, तिथं अडकतात. त्याच्या हातात नुसती सुतळी पोचली ना, तरी तिला दोरी आणि दोरीला हवेची नळी बांधू, ती त्याला आतून ओढून घेता येईल."

"वेळ किती आहे?"

"डॉक्टर म्हणतात, तास धरा." मिशीनं मान खाली घातली. "ठोके आत्ताच मंदावलेत."

थोरलीनं उरलेलं शटर वर ढकललं आणि दिवा लावला. दहा बाय बाराची खोली. समोरच्या भिंतीवर लाकडी फळी, फळीवर ओळीनं टांगलेली हत्यारं: चाकाच्या नटांचे पाने, शॉक-ॲब्सॉर्बरचा दांडा ओरखडा न उमटवता धरणारी पक्कड, प्लास्टिकच्या वाट्या गोळीवरून उपटणारी वाकड्या तोंडाची पक्कड, गाडीच्या कवचाला भोक पाडायचा निमुळता रीमर. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं त्याची आकृती काढलेली. क्लबात तिला सगळे पानेवाल्या बाई म्हणत ते उगीच नाही. गाडीचा स्क्रू नुसता बघून ती सांगायची, हा दोनचा, हा अडीचचा, आणि हा इंचाचा आहे, याला मिलिमीटरची की लावाल तर याद राखा.

दुकानात गाड्या सात होत्या. तीन इंजिनच्या. त्या आत सोडायच्या म्हणजे गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडात धूर सोडायचा. दोन रस्त्यावरच्या सपाट गाड्या, पोट जमिनीला टेकलेलं. खडा आडवा आला की खेळ खलास. एकीची मोटर जळालेली. राहिली ती सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली.

"ती धाकटीची ना?" मिशीनं विचारलं.

"हो," थोरली म्हणाली आणि स्टुलावर चढली.

धाकटी म्हणजे तिची बहीण. बोटांत अशी जादू की तिच्या हातात रिमोट आला की मैदानावरची पोरंटोरं चहा टाकून कठड्याशी यायची. आठ महिन्यांपूर्वी मोसमाच्या अंतिम शर्यतीत ती पहिली होती. शेवटून दुसऱ्या फेरीत गाडी कडेच्या फळीला घासली आणि दोनच हात पुढे जाऊन थांबली. मोटर किंचाळतेय आणि चाकं ढिम्म. मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, ज्याला सगळे पिनियन म्हणतात, ते दांड्यावरच गरगर फिरत होतं. 'धडकेनं सुटलं,' असं सगळे म्हणाले. धाकटीही तेच म्हणाली. त्यानंतर तिनं रिमोटला हात लावला नाही. चष्म्याच्या दुकानात कामाला जायची, घरी यायची, जेवताना मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलायची.

थोरलीनं गाडी टेबलावर ठेवली, अभ्रा काढला आणि फोन लावला.

"चिमे, दुकानात ये. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. चष्मे राहू देत."

धाकटी यायला दहा मिनिटं लागणार होती. तेवढ्यात थोरलीनं कामाला हात घातला. आधी चाकं. सातच्या पान्यानं चारही नट सैल केले, रुंद टायर काढले, अरुंद चढवले. मग मिशीला कागदावर पाइपाचा गोल काढायला लावला.

"गोल पाइपात सरळ चाक धारेवर चालतं," ती म्हणाली, निम्मं त्याला आणि निम्मं स्वतःला. "चाकांचे माथे आत झुकवायला हवेत."

त्यासाठी वरच्या दांड्या आखूड करायच्या. त्या दांडीच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे. मधोमध चपटा पाना धरून फिरवलं की दोन्ही टोकं एकदम आत येतात. पाना इवलासा, चमच्याच्या दांड्याएवढा. मिशीनं एक दांडी फिरवायला घेतली आणि उलटीच फिरवली.

"अहो, लांब होतेय ती! दांडीवर खाच दिसते ना? ती बाजू डावी. नका, तुम्ही नका करू. तुम्ही सुतळी आणा. एकेका मीटरवर गाठ मारलेली."

मिशी पळाला आणि थोरली गाडीबरोबर एकटी राहिली.

आता पिनियन. गाडीला चाळीस मीटर सुतळी ओढायची होती. चोवीस दात्यांचं वेगाचं पिनियन तिथं कामाचं नव्हतं, सोळा दात्यांचं हवं होतं. वेग घटला तरी चालेल, जोर हवा. तिनं अडीचच्या कीनं मोटरचे दोन स्क्रू सैल केले, मोटर मागे सरकवली आणि पिनियन उजेडात आलं.

त्याच्या बगलेत तो स्क्रू होता. बिनडोक्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा. दीडच्या ॲलन-कीनं, सहा कोनांच्या वाकड्या किल्लीनं, आवळायचा. सगळ्या गाडीची ताकद त्या एका दाण्यावर. थोरलीनं भिंग लावलं. स्क्रूच्या तोंडाचं षटकोनी भोक आता षटकोनी राहिलंच नव्हतं. सहा कोपऱ्यांची पार वाट लागून ते गोल झालं होतं.

ते धडकेनं होत नाही. धडकेनं स्क्रू सुटेल, दांडा वाकेल, पण भोकाचे कोपरे जात नाहीत. ते जातात झिजलेली की आत घालून जोर लावल्यानं. आणि ती की थोरलीची होती. अंतिम शर्यतीच्या आधी दोन मिनिटं उरली असताना तिनं हा स्क्रू आवळला, तेव्हा की आत किंचित सटकली होती. लोण्यातून फिरल्यासारखी. तिला ते हाताला कळलं होतं. दुसरी की पेटीच्या तळाशी होती, शिट्टी वाजत होती, आणि ती मनाशी म्हणाली होती, 'बसला असेल.'

आठ महिने हे तिच्या एकटीच्या पोटात होतं. धाकटीनं स्वतःला दोष दिला तेव्हा तिनं तोंड उघडलं नाही. पहिल्या दिवशी लाज वाटली म्हणून. पुढे, पहिल्या दिवशी बोलली नाही म्हणून.

तिनं नवी कोरी दीडची की घालून पाहिली. गोल भोकात ती नुसती फिरली. स्क्रूच्या आट्यांना निळा डिंक लावलेला, तो दगडासारखा वाळलेला. घड्याळात पावणेदहा.

ड्रॉवरच्या कोपऱ्यात तिचा तांबडी पट्टी चिकटवलेला डबा होता. त्यात इंचाच्या मापाच्या किया, मिलिमीटरवाल्यांशी कधी मिसळू नयेत म्हणून वेगळ्या ठेवलेल्या. त्यातली एक सोळांश इंचाची की दीडपेक्षा केसभर जाड असते. तिनं ती भोकावर ठेवली आणि छोट्या हातोडीनं टक्, टक्, टक् करून आत ठोकून बसवली. मग तारा सांधायचं सोल्डरिंग-आयर्न तापवून त्याचं टोक स्क्रूशेजारी धरलं. डिंकाचा जळका वास आला. श्वास रोखून तिनं की फिरवली. की पिळवटली. आणखी थोडा जोर. कुठंतरी बारीक 'कट्' झालं.

की तुटली, असंच तिला वाटलं. पण की शाबूत होती. स्क्रू सुटला होता.

"काय जळतंय?" दारात धाकटी उभी होती.

थोरलीनं तो स्क्रू मुठीत घेऊन खिशात सरकवला. "काही नाही. डिंक. तो पुलर दे."

ओरखडे पडलेल्या दांड्यावरून पिनियन नुसतं निघेना. धाकटीनं छोटा पुलर दिला, थोरलीनं त्याचा पेच फिरवून ते उपटून काढलं. सोळाचं चढवलं. नवा स्क्रू, दांड्याच्या सपाट बाजूवर बरोब्बर बसवला, नव्या कीनं आवळला, पुन्हा आवळून पाहिला. कागदाची पट्टी दोन दातेरी चाकांमध्ये धरून मोटर पुढे दाबली, स्क्रू घट्ट केले, पट्टी ओढून काढली. चाकांमध्ये कागदाएवढी फट. ना घासणार, ना सुटणार. तोवर सुतळी घेऊन परतलेल्या मिशीनं धाकटीला सगळं सांगितलं होतं.

"चालवणार कोण?" धाकटीनं विचारलं. दोघंही तिच्याकडे बघायला लागले. "छे. मी नाही."

"आधी तिथं चल तरी," थोरली म्हणाली.

गल्लीत माणसांची ही गर्दी. दोरी बांधून पोलिसांनी ती मागे रेटलेली. ढासळलेल्या खड्ड्याजवळ काम पाहणारा मुकादम मातीवर पालथा पडला होता, लोखंडी पहारीला कान लावून. त्याच्यामागे पाचसहा जण पत्र्याच्या घमेल्यांनी माती उपसत होते, हळूहळू, जणू झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसे.

दुसऱ्या चेंबरमध्ये दोन माणसं दाटीवाटीनं बसतील एवढीच जागा. थोरली आणि धाकटी शिडीनं उतरल्या. समोर पाइपाचं काळं तोंड. थोरलीनं गाडीच्या नाकावर टॉर्च पट्टीनं बांधला, मागे सुतळीचं टोक अडकवलं. वर मिशी रीळ धरून बसला. रिमोट धाकटीच्या समोर होता. तिनं हात मांडीखाली धरले होते.

"ताई, वळणाच्या पुढे मला दिसणार नाही. नुसत्या अंदाजानं चालवायचं. मी गेल्या वेळी डोळ्यांसमोरची फळी चुकवली नाही. आत एकदा आडवी अडकली की तो पाइप कायमचा बंद. मग त्या माणसाचं काय? तू चालव, नाहीतर मिशीला दे."

"मिशी पहिल्याच हाताला भिंतीवर चढवेल. मी वळणापर्यंत नेईन, पुढे नाही."

"तू तयार केलेली गाडी मी मोडली एकदा. बास झालं."

वरून मुकादमाचा आवाज आला, "अहो, ठोका आला! पण लई वेळानं आला!"

थोरलीनं खिशात हात घातला. तिनं तो झिजलेला स्क्रू बाहेर काढून धाकटीच्या तळहातावर ठेवला.

"तू नाही मोडलीस. याचं भोक बघ."

धाकटी दिवसभर चष्म्यांचे इवले स्क्रू हाताळायची. तिला भिंग लागलं नाही. तिनं तो टॉर्चच्या उजेडात एकदाच फिरवला.

"हे कीनं गेलंय."

"माझ्या. झिजलेली होती. आवळताना सटकली, मला कळलं होतं. वेळ नव्हता म्हणून तशीच सोडली. तू फळीला घासली नसतीस तरी ते पिनियन पुढच्या वळणावर सुटलंच असतं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही, चिमे. कधीच नव्हतं."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते थोरली पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. राग तर होताच, पण त्याच्याही आधी नुसतं आश्चर्य होतं. रोज शेजारी झोपणारं माणूस कुणी तिऱ्हाईतच निघावं तसं.

"आजचं कशानं आवळलंस?" तिनं विचारलं.

"नव्या कीनं. दोनदा."

धाकटीनं स्क्रू खाली टाकला, रिमोट उचलला आणि गुडघ्यांवर वाकून दोन्ही हात कोपरापर्यंत पाइपात घातले, आत सिग्नल नीट जावा म्हणून. गाडी घूं करत निघाली.

"एक," वरून मिशीनं गाठ मोजली. "दोन. तीन."

टॉर्चचा ठिपका लहान होत गेला. अरुंद टायर पाइपाच्या कुशीला धरून चालले होते, गाडी डुलत नव्हती. दहा. पंधरा. एका ठिकाणी खडे होते. धाकटीनं थांबून हळूच एक चाक वर चढवलं आणि पार केलं. एकविसाव्या गाठीला समोर पाइपाची भिंत उजळली, गाडी डावीकडे वळली आणि उजेड दिसेनासा झाला.

आता फक्त आवाज. थोरलीनं डोळे मिटले आणि धाकटीच्या खांद्याशेजारून कान पाइपाला लावला.

"बावीस," मिशी म्हणाला.

आतून मोटरचा आवाज चढला. घूंचं ईंऽऽ झालं.

"तेविसावी गाठ येत नाही!" मिशी ओरडला.

"चाकं घसरताहेत का पिनियन सुटलं?" धाकटीनं विचारलं. आवाज अगदी सपाट. "ताई, लवकर सांग. पिनियन असेल तर सुतळीनं मागे ओढायची. चाकं असतील तर मी जोर लावते."

पिनियन दांड्यावर फिरलं की मोटर एकसुरी किंचाळते. थोरलीला तो आवाज झोपेतही ऐकू यायचा. हा तसा होता का? तिनं श्वास धरला. ईंऽऽच्या खाली काहीतरी खरखरत होतं, थांबून थांबून. रबर सिमेंटवर घासल्यासारखं. पण तिला तसंच ऐकायचं होतं म्हणून तर तसं ऐकू येत नव्हतं ना? गेल्या वेळीही तिनं 'बसला असेल' असंच ऐकलं होतं.

"रिमोटवर चार आणे जोर दे आणि एकदम सोड," ती म्हणाली.

धाकटीनं तसं केलं. मोटर थांबताच आत 'टक' झालं. गाडीच्या वजनानं चाकं मागे गेली आणि दात्यांनी दात्यांना धरलं.

"चाकं आहेत. पिनियन पक्कं आहे. सुतळी वळणाच्या कोपऱ्याला घासतेय म्हणून ओढवत नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मिशी, सुतळी सैल सोडा. चार हात. एकदम!"

धाकटीनं गाडी अर्धा मीटर मागे घेतली, थांबली, ओठ चावला आणि पूर्ण जोर दिला. आवाज उंच चढला, वाकला, भिंतीला काहीतरी खाडकन आदळलं. वर मिशीच्या हातातलं रीळ गरगरलं.

"तेवीस! चोवीस! पंचवीस! अहो, पळतेय, पळतेय!"

एकोणचाळिसाव्या गाठीला सिग्नल गेला. गाडी आपोआप थांबली, आवाज बंद. धाकटीनं हात खांद्यापर्यंत आत खुपसले, रिमोट डावीकडे उजवीकडे फिरवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. मीटरभर अंतर राहिलं होतं आणि त्या मीटरभरावर त्यांच्यातल्या कुणाचाच हात चालत नव्हता. थोरलीला मुकादमाचा आवाजही येईनासा झाला होता.

"अहो!" धाकटी पाइपात ओरडली. "ऐकू येतंय का? दिवा दिसतो का? हात घाला! पाइपात हात घाला!"

तिचाच आवाज पुन्हा पुन्हा परत आला. मग काहीच नाही. थोरलीच्या मनात आलं, उशीर झाला.

तेवढ्यात वर मिशी बसल्या जागी ताठ झाला. त्याच्या बोटांमधली सुतळी हलली होती. पुन्हा हलली. मग कुणीतरी ती हिसडून ओढली, एकदा, दोनदा, तीनदा, आणि त्या दणकट माणसाला हुंदका फुटला.

सुतळीमागून दोरी गेली, दोरीमागून हवेची नळी. पंप सुरू झाला तेव्हा मुकादमानं पहारीवरून कान काढला आणि कपाळ मातीला टेकलं. तरी खणायला साडेतीन तास लागले. दुपारी गवंड्याला वर काढलं, एक पाय मोडलेला, केसांत, कानांत, नाकात माती. स्ट्रेचरवर त्यानं पाणी मागितलं आणि मग विचारलं, "ती गाडी कुणाची? मला वाटलं, दिवा लावून घूस आली. म्हणून मी आधी पाय घेतला आखडून."

सगळे हसले. धाकटीही हसली. हसता हसता तिनं थोरलीकडे पाहिलं आणि तिचं हसू मावळलं.

"आठ महिने, ताई," ती म्हणाली. "मी रात्र रात्र ती फळी डोळ्यांसमोर आणायची. तुला ऐकू यायचं मी कुशी बदलताना."

"यायचं."

"आणि?"

धाकटी वळली आणि गर्दीतून वाट काढत चालत गेली.

पुढच्या रविवारी थोरलीनं क्लबात सगळ्यांसमोर उभं राहून काय घडलं ते सांगितलं. दोघांनी तिच्याकडे दुरुस्तीला दिलेल्या आपापल्या गाड्या परत नेल्या. तिला ते रास्त वाटलं. घरी धाकटी आईशी बोलायची, थोरलीशी नाही. मीठ-पाणीसुद्धा आता आईमार्फत जायचं-यायचं.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी धाकटी दुकानात आली. बसली नाही.

"मी पुढच्या मोसमात उतरतेय," ती म्हणाली.

थोरलीला इतका आनंद झाला की तो लपवायला ती उगीचच एक पक्कड पुसायला लागली. "गाडी तयार ठेवते."

"तू नाही. मेकॅनिक दुसरा घेतलाय."

"कोण?"

"मिशी."

"तो?" थोरलीच्या हातून पक्कड सुटता सुटता राहिली. "अगं, त्याला उजवा आटा कुठला, डावा कुठला, हे कळत नाही! तुझी चाकं बाहेरच्या बाहेर पळून जातील!"

"मग शिकव त्याला," धाकटी म्हणाली. दारापर्यंत गेली, तिथं थांबली, मागे न बघता बोलली, "सहाला येतो म्हणालाय. रागावू नकोस त्याच्यावर. तो फार लवकर गडबडतो."

सहाला मिशी आला. मिशीला नवा पीळ, हातात नवी वही. थोरलीनं त्याच्यापुढे स्टूल सरकवलं, मोडकी जुनी गाडी ठेवली आणि फळीवरून चपटा पाना काढून त्याच्या हातात दिला.

"याला काय म्हणतात, ते नंतर लिहा," ती म्हणाली. "आधी हातात नीट धरा."